राजपुत्राचा पाचवा हिस्सा

वास्को द गामाची जहाजं ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाली. आदली रात्र गामाने आणि त्याच्या सोबत्यांनी तेजो नदीच्या काठी बेलेम इथल्या एका लहानशा प्रार्थनामंदिरात जागून काढली. समुद्रावर जाणाऱ्या माणसांच्या कुमसाराची आणि मिस्सेची सोय व्हावी म्हणून एका राजपुत्राने ते मंदिर उभारलं होतं आणि ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या धर्मयोद्ध्यांच्या संघाकडे सोपवलं होतं. राजा मानुएलने गामाच्या हाती जे निशाण दिलं, तेही याच संघाचं. मंदिर बांधणारा राजपुत्र ४० वर्षं या संघाचा कारभारी होता. गामा निघाला तेव्हा त्याला जाऊन ३७ वर्षं होत आली होती.

त्याचं नाव दोम एन्रिक. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो ‘हेन्री द नॅव्हिगेटर’ म्हणून येतो आणि एका ओळीत आटोपतो. हे बिरुद त्याला एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन आणि इंग्रज लेखकांमुळे कायमचं चिकटलं. प्रत्यक्षात तो मोरोक्कोच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे कधी गेला नाही. त्याने जहाज हाकारलं नाही, नकाशा काढला नाही, एकही बेट स्वतः शोधलं नाही. त्याने केलं ते वेगळंच, आणि माझ्या मते जास्त दूरगामी. कुणाच्याच मालकीचा नसलेला समुद्र त्याने सनदा, परवाने आणि हिश्शांच्या चौकटीत बसवला. पुढे हीच चौकट आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळली.

एन्रिकचा जन्म ४ मार्च १३९४ रोजी पोर्तो शहरात झाला. बाप जुआंव पहिला. हा आधीच्या एका राजाचा अनौरस मुलगा. १३८५ साली अल्जुबारोताच्या लढाईत कास्तीलचा पराभव करून त्याने गादी राखली होती. आई फिलिपा ही इंग्लंडच्या लँकेस्टर घराण्यातली. या जोडप्याचे पाच मुलगे आणि एक मुलगी मोठी झाली. एन्रिक त्या मुलांतला तिसरा. थोरला दुआर्ते गादीचा वारस आणि दुसरा पेद्रो अभ्यासू, बहुश्रुत. तिसऱ्याच्या वाट्याला राज्य येणार नव्हतं, तेव्हा त्याला आपलं कर्तृत्व आणि उत्पन्न दोन्ही बाहेर शोधायचं होतं.

देशही तसाच अडचणीत होता. जेमतेम दहा लाख वस्तीचा पोर्तुगाल, जमिनीच्या बाजूने कास्तीलने वेढलेला आणि समोर अटलांटिक. खजिन्यात सोनं नाही, त्यामुळे नाण्यांतला चांदीचा अंश घटवत राज्य चाललेलं. सोनं होतं ते सहारापलीकडे. टिंबक्टूच्या बाजूने उंटांचे तांडे वाळवंट तुडवत उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत ते आणत. माजोर्कात १३७५ च्या सुमारास तयार झालेल्या प्रसिद्ध कातालान नकाशात मालीचा राजा मन्सा मुसा हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दाखवला आहे. त्या काळच्या युरोपीय व्यापाऱ्यांची कल्पना कुठे घुटमळत होती, हे त्या चित्रावरून कळतं.

१४११ साली कास्तीलशी तह झाला आणि लढाईवर वाढलेले सरदार रिकामे झाले. त्यांना कामाला लावण्यासाठी राजाने जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडचं सेउता हे मुसलमानी बंदर निवडलं. एन्रिकने पोर्तोत जहाजं जमवली. आरमार निघण्याच्या बेतात असताना राणी फिलिपा प्लेगने वारली. तरीही मोहीम थांबली नाही. २१ ऑगस्ट १४१५ रोजी सेउता एका दिवसात पडलं. तिथल्या मशिदीचं चर्च करण्यात आलं आणि त्याच जागी तिन्ही थोरल्या भावांना बापाने सरदारकी बहाल केली. एन्रिक २१ वर्षांचा होता. परतल्यावर तो विसेऊचा ड्यूक झाला.

मात्र सेउता जिंकून सोनं हाती लागलं नाही. तांड्यांनी वाट बदलली आणि ते दुसऱ्या बंदरांकडे वळले. पोर्तुगीजांच्या गळ्यात उरली ती एक तटबंदी, जिला धान्य, माणसं, पैसा सगळं समुद्रापलीकडून पुरवावं लागे. हा पुरवठा पाहण्याचं काम एन्रिककडेच आलं. तांड्यांची वाट अडवून उपयोग नाही, वाळवंटाला समुद्रावरून वळसा घालून सोन्याच्या मुळाशी पोहोचलं पाहिजे, हा विचार या वर्षांत घट्ट झाला असावा. जोडीला धर्मयुद्धाचं वेड होतं, आणि मुसलमानी मुलखाच्या पाठीमागे प्रेस्टर जॉन नावाचा कुणी ख्रिस्ती सम्राट आहे, तो भेटला तर शत्रूला दोन्हीकडून घेरता येईल, ही युरोपभर पसरलेली समजूतही होती. एन्रिकचा इतिवृत्तकार गोमेस एआनेस द झुरारा याने त्याच्या मोहिमांची पाच कारणं दिली आहेत. त्यांत पलीकडचा मुलूख जाणण्याची इच्छा आहे, व्यापार आहे, शत्रूच्या बळाचा अंदाज आहे, ख्रिस्ती मित्राचा शोध आहे आणि आत्म्यांचा उद्धारही आहे. सहावं कारण म्हणून झुरारा त्याची जन्मपत्रिका मांडतो आणि बाकीची पाच तिच्यातूनच निघाली असं म्हणतो.

या सगळ्याला पैसा लागत होता. १४२० साली बापाच्या विनंतीवरून पोपने त्याला ऑर्डर ऑफ क्राइस्टचा कारभारी नेमलं. टेंपलर धर्मयोद्ध्यांचा संघ पोपने मोडल्यावर त्यांची पोर्तुगालमधली जमीनजुमल्याची मालमत्ता १३१९ साली या नव्या संघाकडे आली होती. तोमार हे त्याचं मुख्य ठाणं. मुसलमानांशी लढणं हा संघाचा हेतू असल्याने आफ्रिकेच्या सफरी त्यात सहज बसत. याशिवाय एन्रिककडे राज्यातल्या साबणाच्या उत्पादनाचा मक्ता होता आणि अल्गार्वच्या किनाऱ्यावरच्या टूना मासेमारीचे हक्क होते. त्याची जहाजं मुसलमानी गलबतं लुटत, तीही कमाईच. भोवती शंभर पोसलेली माणसं, सरदार, सेवक. त्यांना काही ना काही मिळवून देणं भाग होतं. त्याच्या सुरुवातीच्या नावाड्यांत खलाशांपेक्षा घरचे आश्रित अधिक दिसतात, ते यामुळे.

पहिलं यश बेटांत आलं. १४१९ च्या आसपास जुआंव गोन्साल्व्हिस झार्को आणि त्रिस्तांव वाझ या त्याच्या दोन माणसांनी पोर्तो सांतो आणि मदेरा ही निर्मनुष्य बेटं ताब्यात घेतली. ती आधीपासून नकाशांत होती, वस्ती मात्र कुणी केली नव्हती. पोर्तो सांतोवर बार्तोलोमेऊ पेरेस्त्रेलोने सशांची मादी आणि तिची पिल्लं सोडली. त्यांची प्रजा एवढी माजली की पेरलेलं काही उगवू देईना, आणि वसाहतवाल्यांना काही काळ बेट सोडावं लागलं. याच पेरेस्त्रेलोच्या मुलीशी पुढे कोलंबसने लग्न केलं.

मदेरा दाट जंगलाचं बेट होतं. ते आगी लावून मोकळं केलं गेलं. डोंगरउतारांवरून पाट काढले, द्राक्षवेली आणि ऊस लावला. १४५२ साली पाण्यावर चालणाऱ्या उसाच्या घाण्यासाठी एन्रिकने दिओगो द तेइव्हशी करार केला. त्यातही त्याचा हिस्सा ठरलेला होता. बेटं त्याने तीन कप्तानांना वंशपरंपरागत तोडून दिली. मदेराचा माचिको भाग १४४० ला, पोर्तो सांतो १४४६ ला, मदेराचाच फुंशाल भाग १४५० ला. कप्तानाने न्याय करायचा, जमीन वाटायची, आणि गिरणी, भट्टी, मीठ यांचा मक्ता त्याचा. राजपुत्र घरी बसून भाग घेणार, कप्तान तिथे राहून धोका पत्करणार. ऊस, गुलामांची मजुरी आणि असा दूरचा मालक हे त्रिकूट पुढे साओ तोमे बेटावर आणि ब्राझीलमध्ये गेलं. अमेरिकेतल्या मळ्यांच्या व्यवस्थेची पहिली तालीम मदेरावर झाली, असं इतिहासकार म्हणतात ते याच कारणाने.

आता बोजादोर. आजच्या पश्चिम सहाराच्या किनाऱ्यावरचं हे भूशिर आणि भोवतीचे उथळ पट्टे. तिथे किनाऱ्यापासून कोसभर आतही समुद्र पुरुषभरच खोल, असं खलाशी सांगत. वाळूची धूळ, धुकं आणि दक्षिणेकडे खेचणारा प्रवाह. जाणं सोपं होतं, कारण वारा उत्तरेचा. भीती परतीची होती. चौकोनी शिडाची जहाजं वाऱ्याच्या तोंडाशी झगडत परत येऊ शकत नसत. पलीकडे पाणीही नाही, गवतही नाही, माणूसही नाही, मग तिथे जीव घालवायला जायचं कशाला, हा खलाशांचा प्रश्न चुकीचा नव्हता. एन्रिकने बारा वर्षं माणसं पाठवली आणि ती अर्ध्यातून वळून येत राहिली. त्याच्या घरचा जिल एआनेस १४३३ साली असाच कॅनरी बेटांवर लूट करून परतला. राजपुत्राने त्याला परत पाठवलं. १४३४ साली एआनेस जमिनीपासून लांब राहून भूशिराला वळसा घालून गेला. पलीकडे समुद्र नेहमीसारखाच होता. पुरावा म्हणून त्याने पोर्तुगालमध्ये ‘संत मेरीचे गुलाब’ म्हणतात ती झाडं पिंपात घालून आणली. पुढच्या वर्षी तो आणि बाल्दाया नावाचा त्याचा सोबती आणखी खाली गेले तेव्हा वाळूत माणसांची आणि उंटांची पावलं दिसली.

परतीचं कोडं मात्र बुद्धीने सुटलं, आणि ते सोडवणारे बहुतेक अनाम खलाशी होते. किनाऱ्याला धरून उत्तरेकडे झगडण्याऐवजी वाऱ्याला आडवं जात पश्चिमेला, खोल समुद्रात शिरायचं. जमीन दिसेनाशी झाली तरी वर वर सरकत राहायचं. अझोर बेटांच्या अक्षांशाला पोहोचलं की पश्चिमेचे वारे लागतात आणि ते सरळ घरी आणतात. दिसायला उलटी, पण हमखास पोहोचवणारी ही वाट. ती साधायला कारावेला हे जहाज कामी आलं. हलकं, उथळ पाण्यात चालणारं, आपल्या कोकणातल्या गलबतांना असायचं तसं तिरकं त्रिकोणी शीड लावलेलं, त्यामुळे वाऱ्याच्या बरंच जवळ जाऊ शकणारं. पुढे गामाने आफ्रिकेला टाळून दक्षिण अटलांटिकमध्ये जो प्रचंड वळसा घेतला, तो याच युक्तीचा विस्तार होता.

पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाला साग्रेसच्या कड्यावर एन्रिकने नकाशाकार, ज्योतिषी, यंत्रकार जमवून नौकानयनाची शाळा काढली, ही गोष्ट मराठी पुस्तकांतही वर्षानुवर्षं चालत आली आहे. ती मोठी मोहक आहे, पण तिला समकालीन आधार नाही. माजोर्काचा एक नकाशाकार त्याच्या पदरी होता असं नंतरचे लेखक सांगतात, एवढंच. ताऱ्यांच्या उंचीवरून अक्षांश काढत जहाज चालवणं रूढ झालं ते त्याच्या मृत्यूनंतर. साग्रेसची जागा त्याला १४४३ साली मिळाली ती गाव वसवायला. वाऱ्याची वाट पाहत तिथे नांगरलेल्या जहाजांना शिधा मिळेना, आणि खलाशी मेले तर त्यांना नीट मूठमातीही मिळत नव्हती. हे त्याने स्वतः १४६० च्या एका पत्रात गाव वसवण्याचं कारण म्हणून लिहिलं आहे. मला हे पत्र त्या काल्पनिक शाळेपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. समुद्रावरचं जगणं त्याला किती जवळून माहीत होतं, ते त्यात दिसतं. लिस्बनच्या विद्यापीठाला मात्र त्याने १४३१ साली खरोखर घरं दान दिली होती.

याच माणसाने सख्खा भाऊ गमावला, आणि तो त्याच्या हट्टाने. बापामागे दुआर्ते राजा झाला. १४३७ साली एन्रिकने त्याच्या मागे लागून तांजियरवर स्वारी काढली. ठरल्याच्या निम्मंही सैन्य जमलं नव्हतं. एन्रिकने छावणी समुद्रापासून दूर टाकली आणि जहाजांशी असलेली वाट राखली नाही. मोरोक्कोच्या फौजेने वेढा घालणाऱ्यांनाच वेढलं. सुटकेसाठी सेउता परत देण्याचं त्याने कबूल केलं आणि धाकटा भाऊ फर्नांदो ओलीस ठेवला. पुढल्या वर्षी लेइरियाला प्रतिनिधी जमले. पेद्रोचं मत सेउता देऊन भाऊ आणावा असं. एन्रिक सेउता सोडायला तयार नव्हता. दुआर्ते त्याच वर्षी प्लेगने गेला. फर्नांदो फेझच्या तुरुंगात ५ जून १४४३ रोजी मेला. पोर्तुगालने त्याला संत राजपुत्र म्हणून पूजलं, कारण दुसरं काही करणं उरलं नव्हतं.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला एन्रिकच्या हाती त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद आला. दुआर्तेमागे गादीवर आलेल्या बालराजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या पेद्रोने सनद दिली की बोजादोरपलीकडे एन्रिकच्या परवानगीवाचून कुणी जाऊ नये. गेला तर जहाज आणि माल राजपुत्राकडे जमा. आणि तिकडून येणाऱ्या मालावरचा राजाचा पाचवा हिस्सा आणि दशांश, दोन्ही एन्रिकला. ज्या किनाऱ्यावर पोर्तुगालचं एकही माणूस राहत नव्हतं, ज्याचा शेवट कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, त्या सगळ्या पाण्यावर आता एका माणसाची चौकी बसली.

सनद वेळेवर आली होती, कारण माल सापडला होता. १४४१ साली आंतांव गोन्साल्व्हिस सीलची कातडी आणायला म्हणून गेला आणि नूनो त्रिस्तांवच्या साथीने माणसं पकडून घेऊन आला. पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघांच्या बदल्यात त्याला दहा काळी माणसं आणि थोडी सोन्याची भुकटी मिळाली. तोवर लोक या सफरींना उधळपट्टी म्हणत होते. झुराराच लिहितो की कैदी येऊ लागले तशी ही कुरबुर थांबली आणि टीकाकार स्तुती करू लागले. १४४४ साली लागोश बंदराचा जकात अधिकारी लान्सारोत याने एन्रिकचा परवाना काढला आणि सहा कारावेला घेऊन अर्गिनच्या आसपासच्या बेटांवर छापे घातले.

८ ऑगस्ट १४४४ रोजी पहाटे लागोशबाहेरच्या मैदानात २३५ माणसं उभी करण्यात आली. उन्हाआधी वाटप उरकावं म्हणून पहाट निवडली होती. झुराराने या दिवसाचं वर्णन केलं आहे, आणि राजपुत्राचा भाट असूनही त्याची लेखणी तिथे अडखळते. कुणी मान खाली घालून रडत होतं, कुणी आकाशाकडे पाहून ओरडत होतं, कुणी स्वतःचं तोंड बडवून घेत होतं. पाच सारखे वाटे करायचे म्हणून बाप मुलांपासून, नवरा बायकोपासून, भाऊ भावापासून तोडले गेले. एका गटात टाकलेली मुलं दुसऱ्या गटातल्या आईकडे धावत सुटत. आया पोरांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडत, मार खात, पण सोडत नसत. गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून पाहायला आलेल्या गर्दीतही रडारड झाली. एन्रिक घोड्यावर बसून होता. त्याचा पाचवा हिस्सा ४६ माणसं. ती त्याने तिथल्या तिथे आपल्या लोकांना वाटून टाकली. त्याला आनंद होता तो या आत्म्यांच्या उद्धाराचा, असं झुरारा लिहितो.

हा प्रसंग एन्रिकच्या चरित्राच्या तळटीपेत टाकण्याची रीत फार काळ चालली. धर्माची निष्ठा खरी, गुलामगिरी ही काळाची गोष्ट, असं म्हणून पुढे जायचं. मला ते पटत नाही. त्या काळच्या माणसांनाही ते मैदान पाहून रडू आलं, हे त्याच्याच इतिवृत्तकाराने लिहून ठेवलं आहे. आणि गुलाम बाजूला काढले तर सफरींचा हिशेबच लागत नाही. १४४८ पर्यंत ९२७ माणसं आणली गेली, हा झुराराचा आकडा. २००९ साली लागोशमध्ये वाहनतळासाठी खोदकाम करताना जुन्या गावकुसाबाहेरच्या उकिरड्यात दीडशेहून अधिक आफ्रिकी स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचे सांगाडे मिळाले. काहींची ठेवण पाहता मरताना त्यांचे हात बांधलेले असावेत.

छापे फार दिवस चालले नाहीत. दक्षिणेला गेल्यावर समोर विषारी बाण मारणारे, होड्यांतून चाल करून येणारे लोक होते. नूनो त्रिस्तांव आणि त्याचे बहुतेक सोबती १४४६ साली मारले गेले. मग लुटीऐवजी व्यापार आला. अर्गिन बेटावर वखार उभी राहिली. कापड, गहू, घोडे द्यायचे, सोनं आणि माणसं घ्यायची. वखारीने व्यापार माणुसकीचा झाला नाही, नियमित झाला. व्हेनिसचा तरुण व्यापारी कादामोस्तो लिहितो की तिथे एका घोड्याला १० ते १५ माणसं मिळत, आणि दरवर्षी हजाराच्या घरात गुलाम पोर्तुगालला जात.

कादामोस्तो आणि एन्रिक यांची गाठ पडली ती एन्रिकच्या कारभाराचा उत्तम नमुना आहे. १४५४ साली फ्लँडर्सला निघालेली व्हेनिसची जहाजं प्रतिकूल वाऱ्याने केप सेंट व्हिन्सेंटजवळ अडकली. राजपुत्र जवळच रापोसेइराला होता. त्याने लगेच आपला माणूस मदेराची साखर आणि इतर मालाचे नमुने घेऊन जहाजावर पाठवला. अटी सरळ होत्या. स्वतःच्या खर्चाने जहाज आणि माल घेऊन जाल तर परतल्यावर चौथा हिस्सा माझा. जहाज माझं असेल तर निम्मा. नुकसान झालं तर माझं. विशीतल्या कादामोस्तोने फ्लँडर्स सोडून दिलं. १४५५ साली तो सेनेगल ओलांडून गांबियाच्या मुखापर्यंत गेला. दक्षिणेकडे जाताना ध्रुवतारा क्षितिजाला टेकत चालला होता आणि खाली नवेच तारे दिसत होते, हे त्याने मन लावून लिहिलं आहे. परका असो वा देशी, ज्याच्यात धमक आणि भांडवल आहे त्याला एन्रिक वाव देत असे. चिकाटीच्या खालोखाल हा त्याचा गुण मला सर्वांत मोठा वाटतो.

सनदेवर रोमचा शिक्का बसणंही आवश्यक होतं. पोप निकोलस पाचवा याने ८ जानेवारी १४५५ च्या फर्मानाने या समुद्रांवरचा आणि मुलखांवरचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला. तिथल्या बिगर-ख्रिस्ती लोकांना कायमचं गुलाम करण्याची मुभाही त्यात होती. १४५६ साली पोप कॅलिक्स्टस तिसरा याने बोजादोरपासून गिनीमार्गे थेट हिंदपर्यंतचा धर्माधिकार ऑर्डर ऑफ क्राइस्टला, म्हणजे तोमारला दिला. हिंद तेव्हा कुणाही पोर्तुगीजाने समुद्रमार्गे पाहिलेला नव्हता. गामाला यायला अजून ४२ वर्षं होती.

एन्रिक १३ नोव्हेंबर १४६० रोजी साग्रेसजवळच्या आपल्या गावात वारला. त्याने लग्न केलं नाही. उपास कडक करी, आणि अंगाला केसाळ काचणारं वस्त्र लावून राही असं सांगतात. १४४९ साली अल्फारोबेइराच्या लढाईत भाऊ पेद्रो राजाच्या फौजेकडून मारला गेला. ज्याने त्याला सनद दिली त्या भावाच्या बाजूने एन्रिक उभा राहिला नाही, तो राजाकडे होता. एवढे मक्ते आणि हिस्से असूनही मरताना त्याच्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याची माणसं तोवर सिएरा लिओनच्या जवळ पोहोचली होती. आधी लागोशला पुरलेला देह पुढे बाताल्याच्या मठात, आईबापांच्या दालनात हलवला गेला.

खरा वारसा पुतण्याकडे गेला. दुआर्तेचा धाकटा मुलगा फर्नांदो याला एन्रिकने दत्तक घेतलं होतं. बेटं त्याच्याकडे आली आणि ऑर्डर ऑफ क्राइस्टही त्याच्या घरात आली. या फर्नांदोचा मुलगा मानुएल १४९५ साली अनपेक्षितपणे राजा झाला. गामाला पाठवणारा आणि ज्याच्या काळात आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला तो हाच मानुएल.

म्हणून एन्रिकच्या सनदेतली कलमं आपल्याकडे ओळखीची वाटतात. परवान्याशिवाय कुणी जाऊ नये, गेला तर जहाज आणि माल जप्त, हाच नियम अरबी समुद्रात कार्ताझ या नावाने आला. शतकानुशतकं मोकळ्या समुद्रावर वावरलेल्या गुजराती, मलबारी आणि कोकणी जहाजांना एका दूरच्या राजाची चिठ्ठी बाळगणं भाग पडलं. अर्गिनची वखार ही कोचीच्या आणि त्यापुढच्या वखारींची पूर्वज. बोजादोरपलीकडच्या ओसाड किनाऱ्यासाठी काढलेला कायदा इथे गजबजलेल्या, जुन्या, अनेक धर्मांच्या व्यापारी समुद्रावर लादला गेला. त्यातला अन्याय म्हणूनच इथे जास्त टोचला.

धर्माधिकाराचा धागा याहून लांब आला. १५१४ पर्यंत सागरापलीकडच्या सगळ्या पोर्तुगीज चर्चवर तोमारचा अधिकार होता. मग तो एन्रिकच्याच मदेरा बेटावरच्या फुंशालला गेला. १५३४ साली गोव्याला बिशप मिळाला, तोही फुंशालच्या हाताखाली. पाद्रोआदो म्हणून ओळखला जाणारा पोर्तुगीज राजाचा हा चर्चवरचा हक्क ब्रिटिशांच्या मुंबईतही टिकला. काही चर्च पाद्रोआदोची, काही थेट रोमच्या प्रोपागांदा या धर्मप्रसार खात्याची, असे तंटे शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालले. मुंबईतला हा दुहेरी अधिकार १९२८ साली पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यातल्या कराराने संपला.